पोट उपाशी ठेवून पाळी येत नाही

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची. माहेर सांगलीचं. लग्नाला दोन वर्षं झाली, आता डोंबिवलीत सासू-सासऱ्यांसोबत राहते आणि ठाण्याला बँकेत नोकरी करते. गेल्या वर्षी सोनोग्राफीत पीसीओडी निघालं, म्हणजे अंडाशयात गाठी आहेत म्हणे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वजन कमी करा म्हणाल्या. गोळ्या संपल्यावर मी परत गेलेच नाही. आता चार महिने पाळी नाही. वजन ६८ किलो आहे, हनुवटीवर केस येतात. मोबाइलवर बघून मी दूध, गहू, भात, फळं सगळं बंद केलं. सकाळी लिंबू-मधाचं पाणी, डब्यात काकडी-गाजर. दिवसभर चहावरच असते. आधी तीन किलो उतरले, आता पुन्हा होते तिथेच. संध्याकाळी स्टेशनवर वडापाव खाल्ला जातो आणि रात्री सगळे झोपले की ओट्यापाशी उभी राहून बिस्किटांचा पुडा संपवते. मग रडू येतं. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं, सोमवार-संकष्टी नीट कर. मावशी म्हणते, एक मूल होऊ दे, सगळं पळून जाईल. नवरा चांगला आहे, पण आईपुढे बोलत नाही. आमच्या घरात अंडंही चालत नाही. मी काय खाऊ, काय सोडू? आणि घरात कसं सांगू?

उत्तर : जेवणाचं नंतर बोलू, आधी चार महिने न आलेल्या पाळीचं. उद्या सकाळी घरीच गरोदरपणाची चाचणी कर. ती नकारात्मक आली तर याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घे. पाळी येत नाही तेव्हा गर्भाशयाचं आतलं अस्तर वाढत राहतं आणि बाहेर पडत नाही. असं वर्षानुवर्षं चाललं तर त्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. घाबरवण्यासाठी हे सांगत नाहीये. थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी पाळी आणता येते आणि धोका टळतो, म्हणून सांगतेय. तीन महिन्यांच्या वर पाळी लांबली की डॉक्टरांना दाखवायचंच, हे मनाशी पक्कं कर. कितीही चांगला आहार घेतलास तरी हे काम त्याच्यावर सोपवायचं नाही.

जाशील तेव्हा गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा लिहून ने. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) तपासलं होतं का ते विचार, कारण त्यांच्या बिघाडानेही पाळी चुकते. साखरेची तपासणी फक्त उपाशीपोटी न करता ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात तीही करून घे. सोबत हिमोग्लोबिन आणि बी-१२ हे जीवनसत्त्व. तू शाकाहारी आहेस आणि दूधही सोडलंस, तेव्हा बी-१२ कमी निघालं तर मला नवल वाटणार नाही.

आता सासूबाईंच्या ‘आमच्या वेळी’बद्दल. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात बायकांचं वर्णन करून हा आजार नोंदवला तो १९३५ साली. म्हणजे त्यांच्या वेळीच काय, त्यांच्या आईच्या वेळीही हे होतंच. सोनोग्राफी नव्हती एवढंच. पाळी चुकणारी, चेहऱ्यावर लव असणारी, मूल न होणारी बाई तेव्हाही प्रत्येक गावात होती. तिला उपचार मिळाला नाही, बोल मात्र मिळाले. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रजननाच्या वयातल्या साधारण ६ ते १३ टक्के बायकांना हा त्रास असतो. तू काही चुकीचं खाल्लंस म्हणून तो तुला जडलेला नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि अगदी सडपातळ मुलींनाही तो होतो.

सोनोग्राफीत दिसल्या त्या खऱ्या अर्थाने गाठी नाहीतच. बीज तयार होणाऱ्या त्या छोट्या पिशव्या आहेत, वाढता वाढता अर्ध्यावर थांबलेल्या. त्या थांबण्यामागे बऱ्याच जणींत इन्सुलिनचा, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या हार्मोनचा, हात असतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं होतं. आतून कुणी ऐकत नाही म्हणून माणूस दारावर आणखी जोरात थापा मारतो, तसं स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडत राहतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. हनुवटीवरचे केस, मुरमं, चुकणारी पाळी हे सगळं त्यातूनच. मानेच्या मागे किंवा काखेत कातडी काळपट, मखमलीसारखी झाली असेल तर तेही डॉक्टरांना दाखव, ती इन्सुलिनचीच खूण असते.

म्हणून आहाराला महत्त्व आहे. पण तू जो आहार करते आहेस तो नेमका उलटा आहे, आणि मला त्याचा राग येतो. तुझा नव्हे, तो मोबाइलवरून तुझ्या माथी मारणाऱ्यांचा. या आजारावरची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०२३ साली नव्याने आली. त्यात स्वच्छ म्हटलंय की पीसीओएससाठी (तुझ्या पीसीओडीचंच हे डॉक्टरी नाव) कुठलाही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. संतुलित आणि निभावता येईल असा आहार घ्या. दूध सोडा, गहू सोडा, फळं सोडा असं त्यात कुठेही नाही. दूध पचत नसेल किंवा गव्हाचा खराच त्रास असेल तर गोष्ट वेगळी. तू तर दूध सोडून घरातली प्रथिनं, कॅल्शियम आणि बी-१२ अशी तिन्ही कमी केलीस. आणि ज्या मधाच्या पाण्याने दिवस सुरू करतेस, तो मध साखरच आहे. गूळही साखरच.

तेव्हा काय सोडू याआधी काय वाढवू ते बघ. तुझ्या दिवसात प्रथिनं जवळपास नाहीतच. सकाळी उपाशी, दुपारी काकडी, मग संध्याकाळी ठाण्याच्या फलाटावर तेलाचा वास आला की पाय थांबणारच. याला मनाचा दुबळेपणा म्हणू नकोस. सकाळपासून रिकाम्या असलेल्या पोटाची ती मागणी आहे.

सकाळी घराबाहेर पडण्याआधी खा. मुगाची दोन धिरडी आणि वाटीभर दही, किंवा भाजणीचं थालीपीठ आणि दही. पोहे करायचे असतील तर पोहे कमी आणि मटार-शेंगदाणे जास्त, शेजारी वाफवलेली मोड आलेली मटकी. लोकल गाठायची घाई असते हे मला माहीत आहे. धिरड्याचं पीठ रात्री भिजवून फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी दहा मिनिटांचं काम. डब्यात दोन पोळ्या किंवा ज्वारीची भाकरी, मूग-मटकी-चवळी-हरभरा यांपैकी एखादी उसळ, एक भाजी आणि भरपूर कोशिंबीर. कोशिंबीर आणि उसळ आधी खा, पोळी नंतर. एवढ्या क्रमानेही रक्तातली साखर जरा सावकाश चढते.

सगळ्यात महत्त्वाचं खाणं मात्र बँकेतून निघण्याआधीचं. ड्रॉवरमध्ये चणे-शेंगदाण्याचा डबा ठेव. एक मूठ चणे, एक पेरू किंवा संत्रं, जमलं तर ताक. पोटात काही असताना तोच फलाट वेगळा वाटतो. कधी मैत्रिणीसोबत वडापाव खाल्लास तर खुशाल खा आणि रात्री रोजच्यासारखंच जेव. उपास करून त्याची भरपाई करू नकोस.

रात्री वाटीभर भात खाल्लास तरी चालेल, फक्त वरण घट्ट हवं आणि भाजी भातापेक्षा जास्त. पिठलं-भाकरी आणि मेथीची भाजी हे तर तुझ्यासाठी उत्तम जेवण आहे, त्याला कुठल्याही परदेशी दाण्याची गरज नाही. जवसाची किंवा तिळाची चटणी ताटात असू दे. फळ अख्खं खा, रस नको. आंब्याच्या दिवसांत जेवणानंतर दोन फोडी खाल्ल्यास म्हणून काही बिघडत नाही.

कमी करायचं म्हणशील तर चहातली साखर, बिस्किटं, फरसाण, मैदा, बाटलीतली गोड पेयं. चहा मोज. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे आठ चमचे, साधारण ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. एकदम बिनसाखरेचा चहा प्यायला लागू नकोस, तोंड वळतं. आधी दीड चमचा कर, पंधरा दिवसांनी एक.

उपास तुझ्या श्रद्धेचा भाग असतील तर ते सोड असं मी सांगणार नाही. साबुदाणा मात्र निव्वळ पिठूळ आहे, त्यात बटाटा घातला की आणखी भर. त्याऐवजी भगर थोडी आणि दाण्याची आमटी जास्त, राजगिऱ्याची भाकरी, दही-काकडी, फळ. दिवसभर निर्जळी आणि रात्री भरपेट, हे तुला सध्या परवडणारं नाही. तुझ्या रात्रीच्या बिस्किटांची सुरुवात अशाच दिवसांत झाली असेल, असा माझा अंदाज आहे.

त्या बिस्किटांबद्दल. लपून, उभ्याने, पुडा संपेपर्यंत खाणं आणि मग रडणं याला हावरटपणा म्हणत नाहीत. उपाशी ठेवलेलं शरीर आणि दुखावलेलं मन दोघं मिळून ते करतात. दिवसभर नीट जेवायला लागलीस की यातलं बरंचसं आपोआप ओसरेल. महिनाभर पोटभर जेवूनही तसंच होत राहिलं, किंवा खाल्लेलं ओकून टाकावंसं वाटलं, तर समुपदेशकांकडे जा. या आजारात खाण्याच्या तक्रारी, नैराश्य, चिंता जास्त आढळतात आणि त्यांची चौकशी हा उपचाराचाच भाग मानतात. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. रात्री ओट्यापाशी उभी असशील तेव्हाही फोन लागेल.

वजनाचं ध्येय अवघड ठेवू नकोस. पाच टक्के वजन उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते. तुझ्यासाठी ते साडेतीन किलो होतात, आणि तेही काही महिन्यांत. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस उठाबशा, भिंतीला टेकून दंड असे ताकदीचे व्यायाम. साखर वापरली जाते ती मुख्यतः स्नायूंत, म्हणून नुसतं चालणं पुरत नाही. वजन काट्यावर हललं नाही तरी खाणं-व्यायामाचा उपयोग होतच असतो, हे लक्षात ठेव.

हनुवटीचे केस आहाराने लवकर जात नाहीत. गोळ्यांनाही फरक दाखवायला सहा महिने लागतात. तोवर थ्रेडिंग कर, लेझर परवडत असेल तर तेही कर, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दालचिनीचा काढा, व्हिनेगर, महागड्या पावडरी यांवर पैसे घालवू नकोस. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन (इन्सुलिनचं काम सुधारणारी गोळी) दिलं तर घे, फक्त ते दीर्घकाळ घेताना बी-१२ कमी होऊ शकतं, म्हणून मधून मधून तपासत राहा.

घरी सांगताना ‘मी डाएट करतेय’ म्हणू नकोस. त्या वाक्यावर प्रत्येक घरात वाद होतो. सासूबाईंना सांग, ‘आई, डॉक्टरांनी रोज उसळ-डाळ आणि भाकरी खायला सांगितलंय. तुम्ही करता तशी मटकीला मोड आणायला मला शिकवाल का?’ त्यांना तुझी काळजी आहे, ती कशी दाखवायची हे त्यांना ठाऊक नाही, असं तुझ्या पत्रावरून मला वाटतं. त्यांच्या हाताला काम दिलंस तर वाद निम्मा मिटेल. भाजणी, पिठलं, भाकरी हे त्यांचंच स्वयंपाकघर आहे.

नवऱ्याला मात्र गप्प राहू देऊ नकोस. डॉक्टरांकडे तो सोबत आलाच पाहिजे, आणि तिथे जे ऐकेल ते आईला त्यानेच सांगायचं. सून सांगते तेव्हा नखरे वाटतात, मुलगा सांगतो तेव्हा आजार वाटतो. हे अन्यायाचं आहे, पण आत्ता तुझी तब्येत महत्त्वाची आहे. त्याच्यासमोर हेही बोल की तुझ्या ताटावर, पोटावर, वजनावर घरात शेरे नकोत. रोज ऐकलेला असा शेरा अन्न घशाखाली उतरू देत नाही.

आणि मावशीचं मूल. बाळंतपणाने पीसीओएस जात नाही, म्हणून औषधासारखं मूल होऊ देऊ नकोस. पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मुलं होतात, काहींना बीज तयार व्हायला गोळ्यांची मदत लागते एवढंच. पाळी येत नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत असंही नाही, बीज कधी बाहेर पडेल याचा भरवसा नसतो. मूल नको असेल तोवर गर्भनिरोधक वापरा. तुम्हा दोघांना हवंसं वाटेल तेव्हा काही महिने आधीच डॉक्टरांना सांग. साखर, रक्तदाब, थायरॉइड पुन्हा तपासतील आणि फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून सुरू करतील.