रील बनवायच्या आधी फोन कुणाच्या हातात असतो ते बघ

अगं, तुझं प्रपोजल वाचून काढलं. नाशिकच्या फुलेनगर, वडाळा गाव या वस्त्यांमधल्या बायकांचं वजन वाढू नये म्हणून मोबाईलवरून काम करायचं, विषय खरंच आवडला, कारण आपल्याकडे वस्ती म्हटलं की सगळ्यांना फक्त कुपोषण दिसतं आणि लठ्ठपणा म्हणजे गंगापूर रोडच्या खात्यापित्या घरांचा आजार असं धरून चालतात. तसं राहिलेलं नाहीये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-५, २०१९-२१) देशातल्या २४ टक्के बायकांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ किंवा त्याच्या वर (म्हणजे वजन जास्त) निघाला, आधीच्या पाहणीत हाच आकडा २०.६ होता. एकाच खोलीत आईचं वजन वाढलेलं आणि पोरगं खुरटलेलं, असंही दिसेल तुला.

पण तू पहिल्याच पानावर रील्सवर उडी मारलीयेस. त्याच पाहणीत कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के आहेत आणि स्वतः वापरतात असा मोबाईल असलेल्या ५४ टक्के. नवरा सातपूरला शिफ्टला गेला की फोन त्याच्या खिशात जातो, तो आला की पोरं गेम खेळत बसतात, बाईच्या हातात येतो तो रात्री भांडी घासून झाल्यावर, आणि तेव्हा डेटा संपलेला असतो, स्टोरेज फुल. तुझी रील उघडणार कधी?

मधुमेहतज्ज्ञ रामचंद्रन यांच्या टीमच्या २०१३ च्या ट्रायलचा दाखला दिलायस, तो चांगलाच आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३७ पुरुष, दोन वर्षं खाण्यापिण्याच्या, व्यायामाच्या सल्ल्याचे एसएमएस, आणि डायबिटीस झाला तो एसएमएसवाल्यांपैकी १८ टक्क्यांना, बाकीच्यांत २७. पण ते नोकरदार पुरुष होते गं, फोन त्यांचा स्वतःचा होता, आणि सुरुवातीला सगळ्यांनाच समोर बसवून सल्ला दिला होता. तुझ्या बायकांसाठी हे जसंच्या तसं उचलता येणार नाही. आधी आशाताईंबरोबर घरोघरी जा, मग छोटे व्हॉइस मेसेज कर, वडाळ्यात हिंदीत, खानदेशाकडून आलेल्यांसाठी अहिराणीत. आणि व्हॉट्सॲप ग्रुप नको, त्यात प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. ब्रॉडकास्ट लिस्ट कर, फक्त तिने तुझा नंबर सेव्ह केलेला असला तरच मेसेज पोचतो, तेव्हा पहिल्या भेटीतच तिच्यासमोर सेव्ह करून घे.

मेसेजमधले ओट्स आणि ऑलिव्ह ऑइल काढून टाक. महिन्याला घरात तेल किती येतं आणि खाणारी तोंडं किती, एवढं एक विचारलंस तरी खूप कळेल. चहातली साखर, पोराच्या हातातली पाच रुपयांची पुडी, रेशनचा तांदूळ, बोलायचं ते याबद्दल. पेठ-सुरगाण्याहून आलेल्यांना नागलीचे (नाचणीचे) फायदे सांगत बसू नकोस, नागली त्यांचीच आहे, इथे येऊन ती ताटातून का गेली ते विचार, दळण, भाव, वेळ, काय ते त्या सांगतील. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला 'रोज अर्धा तास चाला' पाठवणं तर मला अजिबात पटत नाही. ती आळशी नाहीये, आणि तुझ्या एकाही वाक्यातून तसं ऐकू येता कामा नये.

लाईक्स, व्ह्यूज रिझल्टमध्ये धरू नकोस. कंबर मोज, आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटरची मर्यादा धरतात, आणि बीएमआय २३ पासूनच लक्ष ठेव, २५ ची वाट बघू नकोस. वजनकाटा अशा जागी ठेव की आकडा सासूला, शेजारणीला ऐकू जाणार नाही. आधी-नंतरचे फोटो तर नकोच, संमती दिली तरी नको, उद्या ते कुठे फिरतील सांगता येत नाही.

कंट्रोल ग्रुपचं, म्हणजे तुलनेसाठी ज्या वस्तीला मेसेज पाठवायचे नाहीत तिचं, पान अजून कच्चं आहे. दोन्ही वस्त्या एकमेकींपासून लांब आहेत खऱ्या, पण कामाच्या बायका एकाच सोसायटीत भेटतात आणि एकमेकींना मेसेज ऐकवतात, त्याचं काय करणार ते लिही. आठवडाभर वस्तीत नुसती फिर, कोणत्या घरात फोन कधी कोणाकडे असतो ते वहीत टिपून आण, मग एथिक्स कमिटीला पाठवायच्या आधी आपण पुन्हा बसू.