शुल्क नौदलाचे, पत्रव्यवहार आपला

"मुलीचे चारही वर्षांचे शुल्क अमेरिकेचे नौदल भरते आहे. मग रोटेशनसाठी तिने रुग्णालयांची मनधरणी का करायची? आणि एवढे करून हवी ती रेसिडेन्सी मिळाली नाही, तर पुढे काय?" मूळचे सांगलीचे आणि आता न्यू जर्सीत स्थायिक झालेले एक गृहस्थ जानेवारीतल्या एका शनिवारी पत्नी आणि मुलीसह सल्ल्यासाठी माझ्याकडे आले होते, तेव्हाचा हा प्रश्न. (रोटेशन म्हणजे शिकत असताना एखाद्या रुग्णालयात ठरावीक काळ केलेले प्रत्यक्ष काम आणि रेसिडेन्सी म्हणजे पदवीनंतरचे विशेषज्ञ होण्याचे प्रशिक्षण.) सैन्याच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलांच्या घरून तो मला नेहमीच विचारला जातो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलीला आपण सई म्हणू. ती वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षात होती आणि तिला भूलशास्त्रात जायचे होते.

वडिलांच्या रागामागे एक जुनी समजूत होती, हे थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले. त्यांचे एक चुलतभाऊ पुण्याच्या एएफएमसीतून, म्हणजे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून, डॉक्टर झालेले. तिथे महाविद्यालयच सैन्याचे, त्यामुळे इंटर्नशिपसाठी कोणत्या लष्करी रुग्णालयात जायचे याची व्यवस्था संस्थाच करते. अमेरिकेतही त्या धर्तीची एक संस्था आहे, बेथेस्डा येथील युनिफॉर्म्ड सर्व्हिसेस युनिव्हर्सिटी. १९७२ च्या ज्या कायद्याने ती स्थापन झाली, त्याच कायद्याने सईची शिष्यवृत्तीही सुरू झाली. परंतु या दुसऱ्या वाटेने जाणारा विद्यार्थी साध्या नागरी महाविद्यालयात शिकतो. सैन्य त्याचे शुल्क भरते, दरमहा विद्यावेतन देते, वर्षातून ४५ दिवस त्याला प्रत्यक्ष सेवेत बोलावते आणि त्या दिवसांचा पूर्ण पगारही देते. चार वर्षांच्या शिष्यवृत्तीपोटी पुढे चार वर्षे सेवा करावी लागते आणि रेसिडेन्सीचा काळ त्या फेडीत धरला जात नाही. महाविद्यालय आपल्या संलग्न रुग्णालयांतली रोटेशन्स लावून देते. नौदलाच्या रुग्णालयातले रोटेशन मात्र विद्यार्थ्यालाच मिळवावे लागते, कारण महाविद्यालयाला ते नौदलाचे काम वाटते आणि नौदलाचे कार्यालय जागा निश्चित झाल्याशिवाय सेवेत बोलावण्याचा आदेश काढत नाही.

मी सईसमोर कोरी दिनदर्शिका ठेवली आणि डिसेंबरपासून मागे मोजायला सांगितले. सैन्याच्या रेसिडेन्सीसाठी उमेदवार निवडणाऱ्या, तिन्ही सैन्यदलांच्या संयुक्त निवड मंडळाचा निकाल डिसेंबरच्या मध्यास लागतो, म्हणजे नागरी मॅचच्या (नागरी रुग्णालयांतल्या रेसिडेन्सीच्या जागा वाटणाऱ्या देशव्यापी प्रक्रियेच्या) तब्बल तीन महिने आधी. अर्ज आणि पसंतीक्रम त्याआधीच, शरद ऋतूत, द्यावे लागतात. (तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, त्या आपल्या दलाच्या कार्यालयाकडूनच घ्याव्यात.) याचा अर्थ, निवडीच्या दृष्टीने उपयोगी पडणारी रोटेशन्स जून ते सप्टेंबर या काळातच करता येतात, आणि त्या जागा रुग्णालयांचे समन्वयक कित्येक महिने आधी वाटून मोकळे होतात. सई परीक्षा आटोपल्यावर, मे महिन्यात पत्रे लिहायला बसणार होती. दिनदर्शिकेवर बोट ठेवून ती स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे आत्ताच."

निवड मंडळ गुण पाहते, संशोधन पाहते आणि वैद्यक अधिकारी म्हणून उमेदवाराची क्षमता किती आहे यालाही गुण देते. यांपैकी क्षमता कागदावरून फारशी कळत नाही. ज्यांनी तुम्हाला पहाटे पाच वाजता रुग्णाची माहिती न चुकता सांगताना पाहिले आहे, त्यांचेच मत तिथे वजनदार ठरते. म्हणून रोटेशन ही महिनाभर चालणारी मुलाखत आहे असे मी मानते, आणि हवामान चांगले किंवा मावशीचे घर जवळ एवढ्यासाठी रुग्णालय निवडू नये असा माझा आग्रह असतो. जिथे खरोखर रेसिडेन्सी करायची आहे, तिथेच जावे. सईने सॅन दिएगो आणि पोर्ट्समथ ही दोन नौदल रुग्णालये निवडली आणि त्याच आठवड्यात दोन्हीकडे लिहिले.

पुढचे सगळे सुरळीत झाले असे नाही. तिच्या महाविद्यालयाचा एका रुग्णालयाशी प्रशिक्षण करारच नव्हता. तो दोन्हीकडच्या विधी विभागांतून फिरून येईपर्यंत ऑगस्टची जागा भरली आणि तिला सप्टेंबर घ्यावा लागला. एक चूक माझीही झाली. दोन्ही महिन्यांचा पगार आणि प्रवासखर्च नौदल देईल असे मी पहिल्या भेटीत सांगून बसले होते. वस्तुतः त्या आर्थिक वर्षाचे ४५ दिवस पहिल्याच रोटेशनमध्ये बहुतांश संपले आणि दुसरे तिने आदेशाविना, स्वतःच्या खर्चाने केले. तेव्हापासून मी पहिल्या भेटीतच दिवसांचा हिशेब मांडून घेते.

आई आतापर्यंत गप्प होत्या. त्यांनी मनातले हळूच विचारले, "नाहीच निवडली, तर बोटीवर पाठवतील का हो?"

पाठवू शकतात, असे मी स्पष्ट सांगितले. नौदलात पदवीनंतर इंटर्नशिपचे एक वर्ष झाल्यावर अनेक डॉक्टरांना जनरल मेडिकल ऑफिसर म्हणून जहाजावर, वैमानिकांच्या तुकडीत किंवा मरीन दलाबरोबर नेमतात. मरीन दलाला स्वतःचे डॉक्टर नसतात, ते नौदलच पुरवते. ही नेमणूक साधारणपणे दोन वर्षांची असते आणि त्यानंतर पुन्हा रेसिडेन्सीसाठी अर्ज करता येतो. त्या वेळी केलेल्या सेवेचे गुणही मिळतात. नागरी मॅचमध्ये जागा न मिळालेल्या मुलाच्या हाती त्या दिवशी काहीच नसते. सईच्या बाबतीत "हवे ते मिळाले नाही" आणि "काहीच मिळाले नाही" यांत मोठे अंतर होते, आणि ते अंतर घरात कोणी मोजलेच नव्हते. बोलताना असेही कळले की सईला जहाजाची भीती नव्हतीच. आपल्याविषयी घरात कोणत्या शब्दांत बोलले जाईल, याची होती. त्यावर मी तिच्याशी एकटीशी दोन वेळा बोलले. त्यातले इथे लिहिणे योग्य नाही.

नागरी अर्जही भरून ठेवायला मी तिला सांगितले. नागरी रुग्णालयात प्रशिक्षण घेण्याची परवानगी मंडळ काहींना देते, आणि ती डिसेंबरात हाती आल्यावर अर्जाला सुरुवात करायला उशीर झालेला असतो. नौदलाने निवडले, तर नागरी मॅचमधून नाव काढून घ्यावे लागते. दोन्ही अर्ज करणे म्हणजे नौदलाशी बेइमानी, असे वडिलांना वाटत होते. खुद्द सैन्यदलांचीच तशी अपेक्षा असते, हे त्यांना दोनदा सांगावे लागले.

डिसेंबरात निकाल लागला. सईला पोर्ट्समथची इंटर्नशिप मिळाली, भूलशास्त्राची सलग रेसिडेन्सी मिळाली नाही. त्या आठवड्यात घरी फारसे कोणी बोलले नाही, असे आईंनी नंतर सांगितले. इंटर्नशिपनंतर तिने फ्लाइट सर्जनच्या, म्हणजे वैमानिकांच्या तुकडीतल्या डॉक्टरच्या, प्रशिक्षणासाठी अर्ज केला आणि सहा महिन्यांसाठी फ्लोरिडातील पेन्साकोला येथे गेली. तिथून तिने मला जो पहिला फोन केला, तो सॅन दिएगोच्या समन्वयकांना आत्ता लिहिले तर फार लवकर होईल का, हे विचारण्यासाठी. वडिलांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. त्यांना एकच विचारायचे होते, "ही फ्लाइट सर्जनची वर्षे तिच्या चार वर्षांच्या बाँडमध्ये धरतात ना?"

"धरतात," मी म्हणाले.