कोटलिनमध्ये तारखेशेजारी वार मराठीत कसा दाखवू?

तुमच्या अॅपमध्ये वार 'मंडे', 'ट्यूजडे' असा इंग्रजीत येतोय, कारण लोकेल (कोणती भाषा, कोणता देश हे सांगणारी खूण) दिलं नसेल तर फोनची भाषा धरली जाते. डेटटाइमफॉरमॅटरला, म्हणजे तारखेचा मजकूर करून देणाऱ्या क्लासला, पॅटर्नमध्ये चार कॅपिटल 'ई' द्या आणि सोबत मराठी लोकेल द्या, म्हणजे भाषा 'एमआर' आणि देश 'आयएन'. 'मंगळवार' येईल. तीन 'ई' दिलेत तर नुसतं 'मंगळ'. अँड्रॉइड ८ च्या आधीचे फोनही चालवायचे असतील तर डीशुगरिंग (नवे क्लास जुन्या फोनवरही चालवणारी बिल्डची सोय) चालू करा.

सात वारांची अॅरे (यादी) मात्र हाताने लिहू नका. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं अॅप करताना मला तो मोह झाला होता. गावात गुरुवारला बेस्तरवार म्हणतात, तेच स्क्रीनवर दिसावं असं वाटत होतं. पण जुन्या कॅलेंडर क्लासमध्ये रविवारचा क्रमांक १ असतो आणि नव्या डेऑफवीकमध्ये सोमवारचा १. दोन्हींची सरमिसळ झाली की सगळे वार एकाने सरकतात. शेवटी 'गुरुवार'च ठेवला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळे तोच वाचतात, तोंडाने बेस्तरवार म्हणत असले तरी.

खरी चूक पुढे निघाली, आणि ती माझीच होती. दूध संकलन पहाटे पाचला सुरू व्हायचं. एका काकूंनी रविवारी घातलेलं दूध अॅपमध्ये शनिवारी दिसलं. रविवार जोतिबाचा, त्यामुळे वार त्यांच्या पक्का लक्षात. सर्व्हरवरची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) होती आणि मी वार तिच्यावरूनच काढत होतो. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंतची प्रत्येक नोंद आदल्या वारावर जात होती. त्यानंतरच्या नोंदी बरोबर. दिवसा कोल्हापुरात राजारामपुरीत बसून तपासताना मला हे दिसणारच नव्हतं. ज्यांचं दूध सगळ्यात आधी यायचं, त्यांचाच हिशेब चुकत होता, याचं फार वाईट वाटलं.

तेव्हा साठवलेली वेळ आधी 'एशिया/कोलकाता' झोनमध्ये आणा, मग फॉरमॅटरकडे द्या. आणि तपासताना रविवारी पहाटे ५:२९ ची एक आणि ५:३१ ची एक अशा दोन नोंदी घालून बघा. दोन्हींवर 'रविवार' आला पाहिजे.