बंडखोर, फुटीर, गद्दार : आमदाराची निष्ठा कुणाशी?

प्रश्न असा आला आहे : "एकाच आमदाराला एक वर्तमानपत्र 'बंडखोर' म्हणतं, दुसरं 'फुटीर' म्हणतं आणि जाहीर सभेत त्याच्याच नावाने 'गद्दार'च्या घोषणा होतात. हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? आणि कुणाचीही बाजू न घेता लिहायचं असेल, तर कोणता शब्द घ्यावा?"

अर्थ एक नाही. घटना एकच असली, तरी आमदार कुणाला बांधील होता याबद्दल प्रत्येक शब्द काहीतरी गृहीत धरून चालतो. ते गृहीतक कळलं की निवड सोपी होते.

'बंडखोर' आधी घेऊ. 'खोर' हा प्रत्यय फारसीतला, मूळ अर्थ 'खाणारा'. लाचखोर, नफेखोर, भांडखोर, दंगेखोर, घुसखोर, हरामखोर : मराठीत तो जिथे लागला तिथे माणूस बदनामच झाला. 'बंडखोर' याला अपवाद. बंडखोर कवी, बंडखोर विचार, बंडखोर मुलगी असं आपण कौतुकाने म्हणतो. निवडणुकीच्या बातम्यांत तर हा जवळपास तांत्रिक शब्द झाला आहे. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचं पत्र, दुसऱ्याला मिळाला म्हणून ज्याने अपक्ष अर्ज भरला, तो बंडखोर. अर्ज मागे घेण्याच्या दिवशी वरून फोन आला की 'बंडोबांचे थंडोबा' होतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर कुणाचा राग उरत नाही. बंडखोर म्हणजे नेतृत्वाविरुद्ध उघडपणे उभा राहिलेला, एवढंच हा शब्द सांगतो. त्याने चूक केली की बरोबर, ते वाचणाऱ्यावर सोडतो.

तरीही हा शब्द अंगाला लावून घ्यायला सगळे तयार नसतात. २०२२च्या जूनमध्ये शिवसेनेतून बाहेर पडलेल्या आमदारांनी आपण बंड नव्हे तर 'उठाव' केला असा आग्रह धरला. मराठी माणसाला हा वाद नवा नाही. १८५७ला इंग्रजांच्या लेखी 'शिपायांचं बंड' झालं, सावरकरांनी त्याला 'स्वातंत्र्यसमर' म्हटलं आणि या दोन टोकांच्या मध्ये 'उठाव' हा शब्द रुळला. बंड मोडून काढायचं असतं, उठाव समजून घ्यायचा असतो, समर गौरवायचं असतं. नाव बदललं की वाचकाने काय करायचं तेही बदलतं, हे या आमदारांना पक्कं ठाऊक होतं.

'फुटीर' जरा तिखट आहे, कारण 'फुटीरतावादी'ची सावली त्याच्यावर पडते. पण खरी गंमत त्याच्या मुळाशी असलेल्या क्रियापदात आहे. 'फुटणे' आणि 'फोडणे' ही जोडी मराठीला फार नेमकं बोलू देते. 'तीन आमदार फुटले' म्हटलं की दोष त्या तिघांचा, बाहेरचा कुणी चित्रातच नाही. 'तीन आमदार फोडले' म्हटलं की कर्ता पलीकडचा पक्ष, आणि आमदार नुसते कर्म. बातमी तीच, पण मथळ्यात कोणतं क्रियापद आलं यावर वाचक कुणावर चिडणार ते ठरतं. विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदारांचं मतदान गुप्त असतं. तिथे 'मतं फुटली' एवढंच लिहिणं प्रामाणिकपणाचं, कारण कुणाचं फुटलं ते मतपेटी सांगत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३पासून मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. तिथे मत फुटलं तर नावासकट लिहिता येतं.

'फूट' या शब्दाला एके काळी कायद्याचं संरक्षणही होतं. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली, तेव्हा विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश सदस्य वेगळे झाले तर ती पक्षातली फूट धरली जाई आणि सदस्यत्व टिकत असे. त्याहून कमी निघाले तर ते पक्षांतर, आणि मग अपात्रता. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ही सवलत काढून टाकली. आता दोन तृतीयांश सदस्यांच्या पाठिंब्याचं विलीनीकरण एवढाच रस्ता उरला आहे. 'फुटीर' हा शब्द बातम्यांत राहिला, पण त्याचा कायद्यातला आसरा गेला.

आता 'गद्दार'. हा अरबी शब्द. मूळ 'गद्र', म्हणजे विश्वासघात, आणि शब्दाची घडण अशी की तो विश्वासघात वारंवार किंवा अगदी पुरेपूर करणारा. त्याच मुळातून 'गदर' आला. उत्तरेत १८५७ला 'गदर' म्हणतात. १९१३ साली सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेल्या क्रांतिकारकांच्या वर्तमानपत्राने हेच नाव मुद्दाम घेतलं आणि त्यावरून त्यांच्या पक्षालाही तेच नाव पडलं. राज्यकर्त्यांनी द्रोह म्हणून फेकलेला शब्द त्यांनी मिरवला. त्या गदर पक्षातले विष्णू गणेश पिंगळे पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरे गावचे. १९१५ साली लाहोरला ते फासावर गेले. पुढे २०२२च्या दसरा मेळाव्यात, शिवसेनेतून बाहेर पडलेल्या त्या आमदारांचे नेते एकनाथ शिंदे यांनी ही गद्दारी नसून गदर आहे, असा युक्तिवाद केला. म्हणजे शिवी आणि तिला दिलेलं उत्तर एकाच धातूतून निघालं. त्यामुळे इथे व्युत्पत्ती निवाडा देऊ शकत नाही. निवाडा द्यायचा तर विश्वास कुणी कुणावर टाकला होता, हे विचारावं लागतं.

माझ्या मते सगळी गाठ इथेच आहे. गद्दार, नमकहराम, हरामखोर हे सगळे चाकरीतले शब्द आहेत. धनी आणि चाकर असा करार त्यांच्या मागे उभा असतो. 'ज्याचं खावं मीठ, त्याचं करावं नीट' ही म्हण त्याच कराराची. दरबारात, फौजेत, वाड्यावर हे रास्तच होतं, कारण वतन धन्याने दिलेलं असे. पण आमदाराचं मीठ कुणाचं? पक्षप्रमुख म्हणतो, एबी फॉर्म मी दिला. कार्यकर्ता म्हणतो, रात्र-रात्र जागून पत्रकं मी वाटली. मतदार म्हणतो, बटण मी दाबलं. तिघेही 'गद्दार' म्हणू शकतात, पण तिघे वेगळं बोलत असतात. मतदार म्हणतो तेव्हा तो दिलेल्या शब्दाबद्दल जाब विचारतो, कारण अमुक चिन्ह आणि अमुक भूमिका पाहून त्याने मत दिलेलं असतं. त्याच्या तोंडी हा शब्द मला कठोर वाटतो, पण गैरलागू वाटत नाही. कार्यकर्त्याचंही तसंच. नेत्याच्या तोंडी मात्र त्याच शब्दाचा अर्थ 'तू माझा होतास' असा होतो. लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी कुणा एकाचा कसा असेल?

याच शिवीची दुसरी बाजू म्हणजे 'निष्ठावंत' हे कौतुक. 'निष्ठा' हा शब्द मुळात व्यक्तीला चिकटलेला नव्हता. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 'लोकेऽस्मिन् द्विविधा निष्ठा' असं आहे, ते ज्ञानमार्ग आणि कर्ममार्ग यांच्याबद्दल. निष्ठा मार्गावर असे. आज 'निष्ठावंतांचा मेळावा' म्हटलं की कोणत्या मार्गावर निष्ठा असं कुणी विचारत नाही, कोणत्या साहेबांवर एवढंच विचारतात. आमदार सभागृहात पहिल्या दिवशी शपथ घेतो तीत हाच शब्द आहे : 'कायद्याद्वारे स्थापित झालेल्या भारताच्या संविधानाबद्दल मी खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन'. शपथेत पक्षाचं नाव नाही, नेत्याचं नाही. १९८५पर्यंत तर राजकीय पक्षांचा उल्लेखच संविधानात नव्हता. तो आला तो पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीत, पक्ष सोडण्याची शिक्षा सांगताना. आणि तिथेही भाषा कोरडी आहे : स्वेच्छेने सदस्यत्व सोडणं, पक्षादेशाविरुद्ध मतदान करणं. कायदा कृती सांगतो, माणसाला नाव ठेवत नाही.

महाराष्ट्रात हा शब्दसाठा पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेला आहे. १९७८ साली वसंतदादा पाटलांचं सरकार पाडून शरद पवारांच्या नेतृत्वाखाली पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आलं, तेव्हापासून 'पाठीत खंजीर' हा वाक्प्रचार पवारांच्या विरोधकांनी सोडलेला नाही. १९९१मध्ये छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले, तेव्हा बाळासाहेब ठाकरे त्यांना 'लखोबा लोखंडे' म्हणू लागले. आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच' नाटकातला तो बहुरूपी भामटा, आणि नाटक घराघरांत माहीत असल्यामुळे एका नावात सगळं सांगून झालं. २०२२ने 'मिंधे' दिलं. 'शिंदे' या आडनावाशी यमक जुळलं म्हणून ते चाललं, पण मिंधा म्हणजे दुसऱ्याच्या उपकाराखाली दबलेला, म्हणजे पुन्हा मिठाचाच हिशेब. खुद्द 'आयाराम-गयाराम' आपल्याकडे हरियाणातून आलं. १९६७ साली हसनपूरचे आमदार गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा बाजू बदलली, त्यावरून ते पडलं. सगळ्यांत सौम्य तेच. त्यात द्रोहाचा आरोप नाही, नुसती ये-जा आहे.

उलट दिशेचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. 'फितूर' हा जुन्या मराठी कागदपत्रांतला अत्यंत जहरी शब्द. फंदफितुरीच्या आरोपावर डोकी उडत. आज साक्षीदार उलटला की कोर्टाच्या बातमीत 'साक्षीदार फितूर' असं शांतपणे छापलं जातं आणि कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. आमदाराला मात्र फितूर फारसं कुणी म्हणत नाही. त्या जागी गद्दारच हवा असतो, कारण घोषणेत तो दणकून बसतो.

सभागृहात या शब्दांचं काय होतं, असंही काहीजण विचारतात. २०२२च्या जुलैत लोकसभा सचिवालयाने असंसदीय ठरलेल्या शब्दांचं संकलन काढलं, त्यात 'गद्दार', 'गिरगिट', 'विश्वासघात' हे शब्द होते. गदारोळ झाल्यावर अध्यक्ष ओम बिर्ला यांनी खुलासा केला की कोणत्याही शब्दावर बंदी नाही, आधी कामकाजातून वगळलेल्या शब्दांची ती नोंद आहे. शब्द वगळायचा की नाही हे संदर्भ पाहून पीठासीन अधिकारी ठरवतात. पण वगळणं होतं ते कामकाजाच्या नोंदीतून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'पन्नास खोके, एकदम ओके' ही बाजू बदलण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप करणारी घोषणा विधान भवनाच्या पायऱ्यांवर झाली. पायऱ्या सभागृहाबाहेर असतात, तिथलं काही वगळावं लागत नाही.

तर तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. बाजू न घेता लिहायचं असेल तर कृती लिहा : 'पक्षादेशाविरुद्ध मतदान केलेले', 'पक्षांतर केलेले', 'वेगळा गट केलेले आमदार'. शब्द थोडे जास्त लागतील, लागू द्या. नेतृत्वाशी उघड संघर्ष चालू असेल तोवर 'बंडखोर' चालेल. त्यांनी दुसऱ्या पक्षात प्रवेश केला की तो थांबवा, कारण मग बंड कशाविरुद्ध? 'फुटीर' मी टाळतो. 'अपात्र' हा शब्द अध्यक्षांचा निर्णय येईपर्यंत वापरू नये. आणि 'गद्दार' लिहायचाच असेल तर अवतरणचिन्हात, म्हणणाऱ्याच्या नावासकट लिहावा.

'धर्मांतरित'च्या धर्तीवर 'पक्षांतरित' हल्ली दिसतो, पण त्यात आमदाराला कुणीतरी उचलून पलीकडे ठेवल्यासारखं वाटतं. आपण होऊन गेलेल्या माणसाला तो लावू नये. 'दलबदलू' हिंदीतला, समजतो सगळ्यांना. पण मराठीत 'पक्षबदलू' तितकाच चटकन कळतो, तर तोच घ्यावा.