ग्रामपंचायतीने रस्त्याचं बिल काढलं, काम मात्र अर्धवट आहे. हिशेब मागायचा कसा?

गल्लीतला सिमेंट रस्ता कागदावर पूर्ण झालाय, प्रत्यक्षात अर्धवट आहे आणि ग्रामसभेत विचारलं की 'ऑडिट झालंय' एवढंच ऐकवतात, असं तुम्ही लिहिलंय. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीपुरतं सांगतो.

'ऑडिट झालंय' या उत्तरावर गप्प बसू नका. स्थानिक निधी लेखापरीक्षेत मुख्यतः कागद तपासले जातात: ठराव आहे का, प्रमाणकं (व्हाउचर) जोडलीत का, रोकडवही जुळते का. तुमच्या गल्लीत टेप लावून कुणी रस्ता मोजलेला नसतो. उलट त्याच लेखापरीक्षा अहवालाची प्रत मागा. कुठले आक्षेप निघाले आणि त्यांची पूर्तता झाली का, हे त्यात दिसतं.

सुरुवात ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून करा. जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडलं की मंजूर आराखडा, कामाचं नाव आणि झालेला खर्च दिसतो. मात्र तिथे प्रामुख्याने वित्त आयोगाचा निधी असतो. जनसुविधा, दलित वस्ती, 2515 हे लेखाशीर्ष, आमदार निधी अशा इतर योजनांतली कामं बहुतेक वेळा तिथे सापडत नाहीत, आणि नेमकी इथेच मोठी गडबड होते. एकच रस्ता एका योजनेत 'मारुती मंदिर ते शाळा' आणि दुसऱ्या योजनेत 'शाळा ते पाण्याची टाकी मार्गे मंदिर' अशा नावाने दोनदा दाखवता येतो. म्हणून कामाच्या नावावर विसंबू नका. रस्ता कुठून सुरू होतो, कुठे संपतो आणि किती मीटर आहे, हे तपासा.

मग माहिती अधिकार. 'पाच वर्षांचा सगळा हिशेब द्या' असा अर्ज केलात तर 'माहिती व्यापक आहे' म्हणून तो बाजूला पडतो. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. एक काम धरा आणि त्याची अख्खी नस्ती (फाइल) मागा: ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (एमबी, म्हणजे कामाची मापं नोंदलेली वही), देयक, पूर्णत्वाचा दाखला, कामाचे फोटो. 'काम अर्धवट का ठेवलं?' असं विचारू नका, कारण खुलासा मागता येत नाही, नोंद मागता येते. अर्जावर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती कलम 7(6) प्रमाणे फुकट द्यावी लागते.

ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) बहुधा म्हणतील, 'एमबी आमच्याकडे नसते.' यात तथ्य असू शकतं, कारण मोजमाप पुस्तिका बऱ्याचदा बांधकाम उपविभागात असते. कलम 6(3) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करणं त्यांचं काम आहे, पण वाट पाहण्यापेक्षा तिथे स्वतंत्र अर्ज टाकलेला बरा.

एमबी हातात आली की टेप घेऊन गल्लीत जा. समजा नोंद आहे लांबी 100 मीटर, रुंदी 3 मीटर, जाडी 15 सेंटिमीटर. म्हणजे काँक्रीट 45 घनमीटर. प्रत्यक्षात जाडी 10 सेंटिमीटर भरली तर काँक्रीट झालं 30 घनमीटर, आणि लांबी-रुंदी अगदी बरोबर असूनही एक तृतीयांश माल गायब. म्हणून जाडीवर लक्ष ठेवा. फक्त कडेने बघून अंदाज बांधू नका, कडेला जाडी दाखवून मध्ये पातळ थर टाकता येतो. तडा गेलेली जागा, नळासाठी फोडलेला भाग, गटाराचा सांधा अशा ठिकाणी पट्टी लावून फोटो काढा. रस्ता स्वतः फोडू नका, गुन्हा तुमच्यावरच दाखल होईल. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(ञ) खाली कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे. तो फारसं कुणी वापरत नाही, तुम्ही वापरा.

आता ग्रामसभा. प्रश्न आठवडाभर आधी लेखी द्या, पोच घ्या. कोरम (किमान हजेरी) मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. कोरमअभावी सभा तहकूब झाली की लोक घरी जातात. पण तहकूब सभेला कोरम लागत नाही, तिथे मोजकी मंडळीही ठराव घेऊ शकतात. तेव्हा त्या सभेला चुकवू नका. आणि कोऱ्या पानावर सही करू नका. आधी सह्या, मजकूर नंतर, यातून न झालेले ठराव जन्माला येतात. इतिवृत्त तिथेच वाचून घ्या आणि शेवटच्या ओळीखाली रेघ मारायला लावा.

तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे करा, प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्या. सरपंच किंवा सदस्याविरुद्ध गैरवर्तनाची कारवाई महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 खाली होते. 'भ्रष्टाचार झाला' हे वाक्य अर्जात नसलं तरी चालेल. त्याऐवजी तक्ता जोडा: एमबीतलं माप, जागेवरचं माप, फरक, दिलेली रक्कम. बिलावर सरपंच आणि ग्रामसेवकाची मान्यता असते आणि एमबीवर अभियंत्याची सही असते, म्हणून तक्रारीत तिघांचाही उल्लेख करा. चौकशी तुमच्या समक्ष व्हावी, जाडी तपासायला रस्त्याचा कोअर (यंत्राने कापलेला नमुना) काढावा आणि पंचनाम्याची प्रत मिळावी, अशी मागणी त्याच अर्जात लिहा. नंतर मागायला गेलात तर 'चौकशी पूर्ण झाली' असं पत्र हातात पडतं.