‘बघा’ म्हणजे ‘करून टाका’ नव्हे: सेटअपला दिलेली गिटार अडकली तर

प्रश्न (थोडक्यात): मी पुण्यात नोकरी करतो, वीकेंडला मित्रांच्या बँडमध्ये वाजवतो. मे महिन्यात ऑनलाइन जाहिरात बघून ठाण्याच्या एकाकडून सेकंडहँड मेक्सिकन स्ट्रॅटोकास्टर (इलेक्ट्रिक गिटार) 42,000 ला घेतली. जाहिरातीत ‘टॉप कंडिशन, काहीच काम नाही’ असं होतं. घरी आल्यावर पाचव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या, मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) सगळीकडे बझ, म्हणजे तार फ्रेटला लागून खरखर, म्हणून 2 जूनला एका रिपेअरवाल्याकडे सेटअपला दिली. 1,800 आणि तारांचे 650 वेगळे असं ठरलं. आता तो 7,500 मागतोय, म्हणतो फ्रेट लेव्हल करावे लागले (घासून एका पातळीत आणावे लागले) आणि ट्रस रॉडचा, म्हणजे नेकच्या आतल्या सळईचा, नट आधीच घासलेला होता. पैसे दिल्याशिवाय गिटार देत नाही. पोलिसात जाऊ का? विकणाऱ्याकडून पैसे परत मिळतील का? आणि मानसिक त्रासाचे 2 लाख मागायचेत.

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि रिपेअरवाल्याशी झालेल्या चॅटचे स्क्रीनशॉट चारदा, कारण सगळी केस एका शब्दावर येऊन थांबलीये आणि तो शब्द तुमचाच आहे. 14 जूनला त्याने लिहिलंय ‘फ्रेट पण गेलेत दादा, बघावं लागेल’ आणि खाली तुमचं उत्तर, ‘बघा’. बास, एवढंच. आता आपल्याकडे ‘बघा’ म्हणजे तपासून सांगा असंही होतं, तुमचं तुम्ही ठरवा असंही होतं आणि वेळ पडली तर करून टाका असंही होतं, समोरची बाजू अर्थातच तिसरं धरणार. पण त्याच चॅटमध्ये जरा वर जा. 2 जूनला त्याने आकडा सांगितला तेव्हा तुम्ही लिहिलंय ‘ओके, करा’. म्हणजे काम सांगायचं असतं तेव्हा तुम्ही ‘करा’ लिहिता, आणि 14 तारखेला ना आकडा आला ना ‘करा’ आलं. मी तुमच्या बाजूने उभा असतो तर एवढं एकच पान आधी पुढे सरकवलं असतं. त्यामुळे ते चॅट डिलीट करू नका, फोन बदलणार असाल तर थांबा, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, मूळ फोनमध्ये चॅट असलेलं बरं.

आता तो गिटार अडवू शकतो का. तुम्हाला आवडणार नाही, पण काही प्रमाणात हो. एखादी वस्तू काम करून परत द्यायच्या बोलीवर कुणाकडे दिली की त्याला निक्षेप म्हणतात (कोर्टात सगळे बेलमेंटच म्हणतात), आणि 1872 च्या करार कायद्याचं कलम 170 सांगतं की ज्याने त्या वस्तूवर कष्ट किंवा कौशल्य घातलंय त्याला मेहनताना मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. कायद्यातच उदाहरण दिलंय, जवाहिऱ्याकडे हिरा पैलू पाडायला दिला तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा ठेवू शकतो. लगेच खाली दुसरं उदाहरण शिंप्याचं, त्याने कोट शिवून झाल्या झाल्या देतो आणि पैशाला तीन महिन्यांची उधारी असं कबूल केलं असेल तर कोट अडवता येत नाही. दीडशे वर्षं झाली तरी भांडण तेच, फक्त कोटाच्या जागी स्ट्रॅट आली.

पण कलमात एक अट आहे आणि तुमचा जोर तिथे हवा. काम ज्यासाठी वस्तू दिली त्या हेतूला धरून केलेलं पाहिजे. तुम्ही दिली सेटअपला. सेटअप म्हणजे ट्रस रॉडने नेकचा बाक जुळवणं, ब्रिजवरून तारांची उंची म्हणजे अ‍ॅक्शन, हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या नटचे (हा ट्रस रॉडचा नट नव्हे) खाचे बघणं, बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक आणि दाबलेला सूर जुळवून इंटोनेशन, पिकअपची उंची, पॉट (आवाजाच्या कळा) खरखरत असतील तर क्लीनर. फ्रेट लेव्हल करणं हे वेगळं काम, त्याचे पैसे सगळीकडे वेगळे लागतात, आणि ग्राहक आयोगात गेलात तर तिथे हे नीट समजावून सांगावं लागेल कारण बसलेल्यांना गिटार माहीत असेलच असं नाही. मी असं सांगतो: फ्रेटची तार मिलिमीटरभर उंच असते, फार तर थोडी जास्त, कानस मारली की त्यातलंच जातं आणि जे गेलं ते परत येत नाही, जास्त गेलं तर सगळे फ्रेट काढून नवे बसवावे लागतात. म्हणजे न विचारता केस कापले तर वाढतात, फ्रेट वाढत नाहीत.

तो त्याच कायद्याचं कलम 70 पण काढेल, मी काम केलं आणि फायदा तुम्ही घेताय मग पैसे द्या. त्याला उत्तर असं की तिथे घेणाऱ्याला नको म्हणायची संधी असावी लागते, घासून झालेले फ्रेट मी नको कसे म्हणू?

ट्रस रॉडचा नट मात्र अवघड आहे, खोटी आशा देत नाही. गिटार त्याच्या ताब्यात असताना नुकसान झालं असं दिसलं की मी नीट काळजी घेतली हे त्याने दाखवायचं, स्वतःची वस्तू शहाण्या माणसाने जशी सांभाळली असती तशी (कलम 151). पण नुकसान तिथेच झालं हे आधी तुम्ही दाखवायचं, आणि तुमच्याकडे देतानाचा एकही फोटो नाही. जुन्या गिटारींचे नट आधीच्या मालकाने चुकीची अ‍ॅलन की घालून घासलेले असतात हे मी स्वतःच्या गिटारीवर बघितलंय. शिवाय जून महिना, दमट हवेत नेक हलते, त्यामुळे ‘दिली तेव्हा बझ कमी होता’ एवढ्यावर काही उभं राहत नाही.

मग करायचं काय, तर आधी गिटार घरी आणा. आज 2,450 यूपीआयने पाठवा आणि लगेच मेसेज टाका: ‘ठरलेले सेटअपचे 1,800 आणि तारांचे 650 पाठवले आहेत. फ्रेटचं काम मी सांगितलं नव्हतं, आकडाही कळवला नव्हता, ते मान्य नाही. गिटार कधी नेऊ ते कळवा.’ तरी देत नसेल तर दहा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टने नोटीस, तीही तुम्ही स्वतः लिहू शकता. आणि तरीही नाही म्हणाला तर माझं मत, बाकीचे 5,050 हरकत नोंदवून देऊन टाका आणि गिटार उचला. हे ऐकून माझ्याकडे येणारी पोरं चिडतात, तत्त्वाचा प्रश्न आहे म्हणतात, पण तत्त्व तिकडे दमट दुकानात पावसाळा काढणार आणि पुरावा तुमच्या हातातच नसणार. हरकत लेखी नोंदवून दिलेले पैसे परत मागता येतात.

गिटार हातात आली की दोन-चार दिवसांत दुसऱ्या जाणकाराकडे न्या, तार न काढता, काहीही न फिरवता. फ्रेटची उंची, ट्रस रॉडच्या नटची अवस्था, नेकचा बाक, दुरुस्तीचा अंदाजे खर्च हे सगळं सही-तारखेसकट लिहून घ्या. हा कागद तुमच्या केसचा जीव आहे. तो जाणकार म्हणाला की लेव्हलिंग चांगलं झालंय, तर मग मिटवा, हजार-दोन हजारासाठी तारखा मोजू नका. खराब झालंय म्हणाला तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार टाका, कित्येकदा तिथेच मिटतं, नाहीतर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात. 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही (हे मी वकील असून लिहितोय याची नोंद घ्या), मुदत 2 वर्षं. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा तीन ते पाच महिन्यांत निकाल म्हणतो, तेवढ्यात लागेल असं धरून बसू नका. गिटार अजून अडकलेली असेल तर ती मिळावी म्हणून अंतरिम आदेशही मागता येतो. वीकेंडला बँडमध्ये वाजवता म्हणून तुम्ही ग्राहक नाही असा मुद्दा तो काढेल, घाबरू नका, नोकरी सांभाळून हौसेने वाजवणं म्हणजे धंदा नव्हे.

2 लाख विसरा. दुसऱ्याने लिहून दिलेला दुरुस्तीचा खर्च, जादा दिलेले पैसे, थोडाफार त्रास आणि खर्च, एवढं मागा. आकडा फुगवला की बाकीचं पण खोटं वाटायला लागतं.

पोलिसात आत्ता जाऊ नका. पैशावरून अडवलेली वस्तू हा दिवाणी वाद, पोलीसही तेच सांगतील. त्याने उद्या ती विकली किंवा माझ्याकडे नाहीच म्हणाला तर गोष्ट वेगळी, मग भारतीय न्याय संहितेचं कलम 316, विश्वासघात.

ठाण्याचा विकणारा राहिला. तो दुकानदार नाही, घरातली एक वस्तू विकली, म्हणून ग्राहक आयोग नाही. ‘काहीच काम नाही’ हे खोटं विधान म्हणून करार रद्द करता येतो हे खरं, पण साधी काळजी घेतली असती तर कळलं असतं असं दिसलं की ते बऱ्याचदा बारगळतं, आणि तुम्हीच लिहिलंय की स्टेशनबाहेर दहा मिनिटं अँपशिवाय वाजवून घेतली. शिवाय करार मोडायचा तर गिटार होती तशी परत करावी लागते, आणि आता तिचे फ्रेट घासलेत. ते सोडून द्या.

आणायला जाताना बरोबर कुणालातरी न्या, ट्यूनर आणि स्टीलची छोटी पट्टी घ्या. काउंटरवरच बाराव्या फ्रेटला जाड तारेची उंची मोजताना व्हिडिओ काढा, हेडस्टॉकवरचा सिरियल नंबर दिसू द्या, आणि त्याने ‘दोन मिनिटं द्या, अजून थोडी अ‍ॅक्शन खाली घेतो’ म्हटलं तर हात जोडून नको म्हणा.