डोक्यात सतत नवीन कल्पना येतात, पण एकही तडीस जात नाही. काय करावे?

तुमची यादी वाचली. घरगुती गोडा मसाला, यूट्यूब चॅनेल, मुलांसाठी गणिताचं ॲप, गावच्या शेतावर कृषी पर्यटन. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, यापेक्षा चांगली कल्पना कशी सुचेल? मला वाटतं, आता काही महिने काहीच सुचलं नाही तरी तुमचं भलंच होईल. या चारपैकी कुठलीही एक पुरेशी आहे.

नवी कल्पना गोड लागते, कारण ती अजून कुठे अडलेलीच नसते. जुन्या कल्पनेपुढे मात्र भांडवल, नोंदणी, घरच्यांची नाराजी असं सगळं येऊन उभं राहिलेलं असतं. मग मन तिथून काढता पाय घेतं आणि दुसरीकडे रमतं. त्या रमण्यातही कष्ट होतात, म्हणून आपण काहीतरी करतोय असंच वाटत राहतं.

मी पाणलोटाच्या, म्हणजे पावसाचं पाणी अडवण्या-जिरवण्याच्या, कामात लुडबुड करणारा माणूस आहे, त्यामुळे उदाहरण तिथलंच देतो. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. 1989 मध्ये पोपटराव पवार तिथे सरपंच झाले. मुळात कमी पावसाचा पट्टा, डोंगर उघडे, माणसं कामासाठी गाव सोडून जाणारी. पुढे या गावाने जे केलं त्यातलं बहुतेक सगळं आधीपासून माहीत होतं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान ही सूत्रं त्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीत आधीच रुजली होती. डोंगरउतारावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे आणि एकाच पातळीत जाणारे चर, खणावेत, ओढ्यावर बांध घालावेत, हेही दुष्काळी कामांमुळे राज्यभर ठाऊक होतं. हिवरे बाजारने ते केलं, आणि करून सोडून दिलं नाही. ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिकं नकोत, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, हे नियम घातले आणि पाळले. दरवर्षी पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून यंदा कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली 2020 मध्ये. म्हणजे सरपंच झाल्यावर तीस वर्षांनी. पाण्याचा हिशोब दरवर्षी तोच, वर्ष फक्त नवीन. हे कंटाळवाणं वाटेल, पण मला त्या गावाचं सगळ्यात जास्त कौतुक याच गोष्टीचं आहे. चर एकदा खणणारी गावं पुष्कळ आहेत. ते गाळाने भरल्यावर पुन्हा उपसणारी थोडी.

आमच्या भागातल्या बैठकांमध्येही कल्पनांना तोटा नसायचा. एक म्हणायचा शेततळं, दुसरा म्हणायचा बंधारा, तिसऱ्याला थेट धरणातून पाइपलाइन हवी असायची. रात्र सरायची आणि मंडळी समाधानाने घरी जायची. चित्र पालटलं ते हायड्रोमार्कर हातात आल्यावर. दोन काठ्या, त्यांवर मापाच्या खुणा आणि दोन्हींना जोडणारी पाणी भरलेली पारदर्शक नळी, बस. दोन्ही काठ्यांवर पाणी सारख्या खुणेला आलं की त्या दोन जागा एका पातळीत. नळीत एखादा बुडबुडा अडकला तरी माप फसतं, म्हणून आधी नळी नीट बघून घ्यायची. मग चर जिथून न्यायचा तिथे फक्कीने खूण करत पुढे सरकायचं. माळावर ती पांढरी रेघ उमटली आणि बोलणंच बदललं. उद्या कुदळी कोण आणणार, मधला कातळ लागतोय तिथे काय करायचं, चहाचं कोण बघणार, यावर लोक बोलू लागले. पाइपलाइनवाले गृहस्थसुद्धा सकाळी घमेलं घेऊन हजर.

तुम्हालाही अशीच एक रेघ मारायची आहे. मी तुमच्या जागी असतो तर गोडा मसाला धरला असता, कारण तो या शनिवारी करून बघता येतो. बाकीच्या तिन्ही कल्पना एका वहीत लिहा आणि वही घरातल्या कुणाकडे तरी द्या. नवीन सुचलं तरी त्याच वहीत जाऊ दे. दिवाळीपर्यंत ती उघडायची नाही.

शनिवारी एक किलोचाच घाणा करा. धने, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर, सगळं वेगवेगळं भाजून. वजनं लिहून ठेवा, कारण दुसऱ्या घाण्याला तीच चव आली नाही तर गिऱ्हाईक परत येत नाही. त्यातलं एक पाकीट बाजूला ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी त्याचा वास घेत राहा. खोबऱ्यामुळे मसाला खवट व्हायला लागतो, पण तुमच्या पाकिटात तो किती दिवसांनी होतो हे विचार करून कळणार नाही. ते कळलं की खोबरं किती घालायचं, पाकीट कसलं घ्यायचं, त्यावर कोणती तारीख टाकायची, हे प्रश्न आपोआप सुटत जातात. विक्री सुरू करण्याआधी अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या. अर्ज ऑनलाइन भरता येतो, त्याचा बाऊ करू नका.

आणि पहिली पाकिटं ओळखीच्यांना फुकट वाटू नका. फुकटच्या मसाल्याला सगळे छानच म्हणतात. लहान का होईना, किंमत लावून विका आणि महिन्याभराने त्याच घरी पुन्हा जाऊन विचारा, अजून एक देऊ का?